वंगण आणि गंज : शस्त्रांच्या निगेचा एक अभ्यास

इतिहासाच्या पुस्तकात शस्त्रे कोणी कोणाविरुद्ध उचलली हे सविस्तर दिलेले असते. लढाई संपल्यावर दुसऱ्या दिवशी ती शस्त्रे कोणी पुसली, कशाने पुसली आणि पुसली नसती तर काय झाले असते, याविषयी मात्र पुस्तके गप्प असतात. वस्तुतः शस्त्राचे आयुष्य रणांगणावर थोडे आणि कोठारात, खुंटीवर, पेटीत फार जाते. त्या काळात त्याचा खरा शत्रू गंज हा असतो. प्रस्तुत लेखात बंदुकीसारख्या शस्त्राच्या सफाईसाठी आणि वंगणासाठी कोणते पदार्थ निवडावेत, कोणते टाळावेत आणि का, याचा विचार करावयाचा आहे.

हा विषय कलाशाखेच्या अंकात कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर आपल्या परिसरातच आहे. नांदेडला तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे गुरू गोविंदसिंगांची शस्त्रे जतन केलेली आहेत. लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे १७६० साली मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, त्यात इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा वाटा मोठा होता. औशाच्या किल्ल्यात जुन्या तोफा आजही उन्हापावसात उभ्या आहेत. मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे आणि चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील शेकडो मुले दरवर्षी भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. महाविद्यालयात राष्ट्रीय छात्रसेनेचे पथक आहे. आणि खेड्यांत अजूनही काही घरी पीकसंरक्षणासाठी परवान्याने घेतलेली ठासणीची बंदूक खुंटीला असते. तेव्हा हा विषय परका मुळीच नाही.

सफाई आणि वंगण : दोन वेगळी कामे

आपल्याकडे 'बंदुकीला तेल लावले' म्हणजे तिची निगा झाली असे समजतात. येथेच पहिली गल्लत होते. निगा म्हणजे तीन कामे. पहिले, नळीत आणि यंत्रात साठलेली घाण विरघळवून काढणे. दुसरे, घासणाऱ्या भागांमध्ये तेलाचा पातळ थर ठेवून झीज कमी करणे. तिसरे, हवा आणि ओल धातूपर्यंत पोहोचू नये म्हणून पृष्ठभाग झाकणे. पहिल्या कामाला लागतो तो साफ करणारा द्राव, दुसऱ्याला वंगण, तिसऱ्याला संरक्षक लेप. एकच पदार्थ तिन्ही कामे सारखीच चांगली करील असे क्वचित घडते. जो द्राव घाण चांगली विरघळवतो तो सहसा पातळ असतो आणि लवकर उडून जातो. जो लेप महिनोन् महिने टिकतो तो घट्ट असल्यामुळे यंत्राची हालचाल मंद करतो.

खेड्यातल्या माणसाला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही, फक्त आठवण करून देण्याची आहे. माझे वडील शाळेत गेलेले नाहीत. पण लाकडी चाकांची बैलगाडी असताना ते कण्याला ओंगण घालण्यापूर्वी जुने, धुळीने काळे झालेले ओंगण काडीने खरवडून काढीत आणि कणा चिंधीने पुसून घेत. घाणीवर ओंगण घातले तर चाक कुरकुरायचे थांबते, पण कणा खातच राहतो, हे त्यांना ठाऊक होते. बंदुकीच्या बाबतीतही नियम हाच आहे.

नळीत काय उरते ?

कोणते साधन निवडावे हे ठरवायचे तर आधी घाण कशाची आहे ते पाहिले पाहिजे. ठासणीच्या बंदुकीत काळी दारू वापरतात. तिच्यात साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असते. ही दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे राहतो. हीच ती काळी मळी. तिच्यात पोटॅशियमचे क्षार असतात. ते हवेतील ओल शोषून घेतात आणि लोखंडाला खाऊ लागतात. हे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. म्हणून काळ्या दारूच्या बंदुकीला पहिले साधन म्हणजे गरम पाणी, तेल नव्हे. उलट रॉकेल किंवा खनिज तेल या मळीत मिसळले की डांबरासारखा चिकट लगदा तयार होतो आणि काम अधिकच अवघड होते.

काडतुसाच्या बंदुकीत धूरविरहित दारू असते. तिची राख थोडी असते, पण काजळी, शिशाचा किंवा तांब्याचा पातळ थर आणि काडतुसाच्या बुडातील टोपीचा अवशेष हे तीन पदार्थ नळीत राहतात. काजळी तेलयुक्त द्रावाने निघते. शिसे पितळी तारेच्या ब्रशने घासून काढावे लागते. तांब्यासाठी अमोनियायुक्त द्राव वापरतात, पण तो नळीत फार वेळ ठेवावयाचा नसतो.

टोपीच्या अवशेषाची हकीकत विशेष उद्बोधक आहे. जुन्या 'थ्री नॉट थ्री' रायफलीच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचे पोटॅशियम क्लोराइड होते, म्हणजे खाण्याच्या मिठाचा सख्खा भाऊच. नळी तेलाने स्वच्छ पुसून ठेवली तरी दोन-चार दिवसांत आत तांबूस गंज दिसू लागे. शिपायाला वाटे तेल हलके होते, अधिकाऱ्याला वाटे शिपाई आळशी होता. १९२२ साली अमेरिकेच्या खाण विभागातील विल्बर्ट हफ यांनी या गंजाचे मूळ दाखवून दिले. मीठ तेलाच्या थराखाली तसेच बसून राहते आणि ओल मिळताच काम सुरू करते. उपाय पाण्याचाच. सैन्यात नळीतून उकळते पाणी ओतण्याची पद्धत यासाठीच होती. पाणी उकळते असण्याचे कारण असे की मीठ लवकर विरघळते आणि नळी तापल्यामुळे स्वतःच कोरडी होते. मग कोरडी चिंधी आणि शेवटी तेल. हल्लीच्या बहुतेक काडतुसांत ही क्षारयुक्त टोपी नसते, त्यामुळे उकळत्या पाण्याची गरज उरलेली नाही. परंतु जुना साठा वापरात असेल तर नियम जुनाच लागू होतो.

मळीने केलेला घात

हा सारा पुस्तकी ऊहापोह नाही, हे सांगण्यासाठी एक घटना नमूद करतो. माझ्या नात्यातील एका शेतकऱ्याची परवान्याची ठासणीची बंदूक रानडुकरे हाकलताना फुटली आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. ही बंदूक दर खंडेनवमीला पुसली जात होती. दस्ता आणि नळी बाहेरून तेलाने चकचकीत असत, हळदकुंकू आणि फूलही वाहिले जाई. नळीच्या आत मात्र वर्षानुवर्षे पाणी गेले नव्हते. आत मळीचा थर साठत गेला आणि नळी आतून अरुंद झाली. त्या रात्री ठासताना गज अडला. डाट आणि छर्रे दारूवर नीट बसले नाहीत, मध्ये पोकळी राहिली. अशी पोकळी राहिली म्हणजे बार उडताना अडथळ्याच्या जागी नळीवर एकाएकी दाब वाढतो आणि नळी तेथेच फुगते किंवा फाटते. गावाने याला नशीब म्हटले. आजही तसेच म्हणतात. वास्तविक त्यात नशिबाचा भाग फार थोडा होता. तांब्याभर गरम पाणी, एक चिंधी आणि 'गज तळापर्यंत गेला नाही तर बार उडवू नये' हे एक वाक्य, एवढ्यावर ती दोन बोटे वाचली असती. हे वाक्य त्याला कोणी सांगितले नव्हते.

वंगणाने घडविलेला इतिहास

वंगणाची निवड हा किरकोळ विषय समजणाऱ्यांनी १८५७ चे स्मरण करावे. नव्या एनफिल्ड रायफलीच्या नळीत आटे होते. काळ्या दारूची मळी साठली की गोळी आत ढकलणे कठीण होई. यासाठी कागदी काडतुसाच्या गोळीकडील टोकाला चरबीचा लेप देत. त्याने गोळी सहज सरके आणि मळीही मऊ राही. यंत्राच्या दृष्टीने युक्ती बरोबर होती. परंतु काडतूस दाताने फाडावे लागे आणि ही चरबी गाईची व डुकराची असल्याचा बोभाटा झाला. जानेवारी १८५७ मध्ये शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे अशी मुभा सरकारने दिली. पण तोवर विश्वास उडाला होता. मे महिन्यात मीरतेला भडका उडाला. उठावाची कारणे अनेक होती आणि केवळ काडतुसांनी तो झाला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तरीही मेण आणि वनस्पती तेल यांचा पर्याय उपलब्ध असताना जनावराची चरबी निवडणाऱ्याने यंत्राचा विचार केला, माणसाचा केला नाही, एवढे निश्चित.

याच्या उलट टोकाचे उदाहरण व्हिएतनाम युद्धातील आहे. १९६५ नंतर अमेरिकी सैनिकांना एम-१६ ही नवी रायफल देण्यात आली. तिला फारशी सफाई लागत नाही असा समज पसरला होता आणि सफाईचे साहित्यही पुरेसे पोहोचले नव्हते. त्यातच काडतुसातील दारू बदलण्यात आली. रायफली ऐन चकमकीत अडकू लागल्या. १९६७ साली अमेरिकी काँग्रेसच्या इचॉर्ड उपसमितीने याची चौकशी केली. पुढे चेंबरला क्रोमचा मुलामा देण्यात आला आणि सफाईचे साहित्य व शिक्षण दिले गेले, तेव्हा हीच रायफल भरवशाची ठरली. 'याला निगा लागत नाही' असे ज्या यंत्राविषयी सांगितले जाते, त्याच्यापासून सावध राहावे.

घरातील तेलांची परीक्षा

आता आपल्या घरात आणि बाजारात मिळणाऱ्या पदार्थांकडे वळू. तेल म्हटले की सगळी सारखीच असा समज आहे, पण रसायनशास्त्र वेगळे सांगते. काही तेले हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू सुकतात आणि त्यांचा चिवट पापुद्रा होतो. ही सुकण्याची प्रवृत्ती आयोडीन मूल्यावरून कळते. जवसाच्या तेलाचे हे मूल्य साधारण १७० ते २००, करडईचे १४० च्या पुढे, शेंगदाण्याचे ९० च्या आसपास, एरंडेलाचे ८५ च्या आसपास आणि खोबरेलाचे अवघे ८-१० असते. मूल्य जितके मोठे तितके तेल लवकर सुकणारे.

जवस आणि करडई ही मराठवाड्याची पिके. जवसाचे तेल लाकडात मुरते आणि सुकून त्याचे रक्षण करते. म्हणून रायफलीच्या लाकडी दस्त्याला जवसाचे कच्चे तेल चोळण्याची जुनी पद्धत आहे आणि ती योग्य आहे. परंतु हेच तेल बोल्टमध्ये किंवा चापाच्या यंत्रात घातले तर काही महिन्यांत ते सरसासारखे चिकटते. करडईचे तेलही त्याच जातीचे. उकळून त्याचे रोगण करतात, यातच त्याचा गुण आला. ज्या तेलाचे रोगण होते ते वंगण म्हणून वापरू नये, हा सोपा नियम ध्यानात ठेवावा.

शेंगदाण्याचे तेल तितके सुकत नाही, पण खवट होते. खवट होणे म्हणजे त्यात आम्ल तयार होणे. तुपाचेही तसेच. पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कळकते हे प्रत्येक घरात माहीत आहे. तोच हिरवा कळंक जुन्या तुपामुळे किंवा तेलामुळे बंदुकीच्या पितळी भागांवर चढतो. खोबरेल न सुकणारे असले तरी सुमारे २४ अंशांखाली थिजते, म्हणजे आपल्याकडील हिवाळ्याच्या पहाटे बंदुकीचे यंत्रही थिजेल. घरच्या तेलांत सर्वांत बरे एरंडेल. ते दाट असते, दाबाखाली टिकते, पापुद्राही लवकर धरत नाही. पहिल्या महायुद्धातील अनेक विमानांच्या फिरत्या इंजिनांत एरंडेलच घालीत, हे वाचून आपल्या बांधावरच्या एरंडाकडे आदराने पाहावेसे वाटते. तथापि बंदुकीच्या बारीक यंत्राला तेही फार दाट पडते आणि काळांतराने चिकट होते.

बाजारातील पदार्थ

रॉकेल हे सफाईसाठी चांगले. काजळी, जुने चिकट तेल आणि वाळलेले ग्रीस ते सोडवते. परंतु त्याचा थर टिकत नाही. रॉकेलने पुसून तसेच ठेवलेले लोखंड लवकर गंजते. म्हणून रॉकेलनंतर कोरडी चिंधी आणि लगेच तेल, हा क्रम मोडू नये. पेट्रोल वापरू नये. ते क्षणात पेट घेते आणि बंद खोलीत त्याची वाफ साचते.

शिलाई मशीनचे तेल हे हलके खनिज तेल आहे. ते खवट होत नाही आणि सुकत नाही. छोट्या यंत्राला थेंबभर घालण्यास ते उत्तम. मोटारीचे नवे इंजिन तेल घासणाऱ्या भागांना चालते. गॅरेजमधील जळके ऑइल मात्र कटाक्षाने टाळावे. त्यात काजळी, आम्ल आणि धातूचे कण असतात. फुकट मिळते म्हणून ते लावणे म्हणजे वंगणाच्या नावाखाली कानस फिरवणे होय.

डब्ल्यूडी-४० हा फवारा आता तालुक्याच्या दुकानातही मिळतो. १९५३ साली अमेरिकेतील सॅन दिएगो येथे तो तयार झाला. त्याच्या नावाचा अर्थच 'पाणी हटविण्याचा चाळिसावा प्रयोग' असा आहे. भिजलेले शस्त्र कोरडे करण्यास आणि अडकलेला भाग सोडवण्यास तो उपयोगी पडतो. दीर्घकाळचे वंगण म्हणून मात्र त्याच्यावर विसंबू नये. खास बंदुकीसाठी बनवलेल्या तेलांत १९०४ पासूनचे जर्मन बॅलिस्टॉल प्रसिद्ध आहे. ते पाण्यात मिसळून दुधासारखे होते, त्यामुळे क्षारयुक्त मळीलाही चालते. सफाई, वंगण आणि रक्षण ही तिन्ही कामे एकाच तेलाने करणारी मिश्रणेही अलीकडच्या दशकांत सैन्यांनी स्वीकारली आहेत. रणभूमीवर एकच बाटली बाळगणे सोयीचे असते, हे त्याचे मुख्य कारण. कोठारात सवडीने सफाई करणाऱ्याला वेगवेगळे पदार्थ वापरणे अधिक लाभाचे.

आपल्याकडे भांडी उजळण्यासाठी चिंच, लिंबू आणि विटेची भुकटी वापरतात. बंदुकीला यांपैकी काहीही लावू नये. नळीवरचा काळा-निळा रंग हा शोभेचा नाही, तो मुद्दाम चढवलेला संरक्षक थर आहे. आम्लाने तो निघून जातो आणि विटेच्या भुकटीने पडलेल्या ओरखड्यांत ओल बसते. छात्रसेनेत पट्ट्याचे बक्कल चमकवण्यासाठी ब्रासो वापरतात. ते बक्कलपुरतेच ठेवावे. अशा पॉलिशमध्ये खरखरीत भुकटी असते आणि अनेकदा अमोनियाही असतो. पितळ आणि अमोनिया यांचे वैर फार जुने आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप चिरा पडत. घोड्यांच्या मुतातील अमोनिया, हवेतील ओल आणि काडतूस घडवताना पितळात राहिलेला ताण या तिहींचा तो परिणाम होता. १९२१ साली धातुशास्त्रज्ञांनी त्याचा उलगडा केला.

हवामानाचा विचार

एकाच तेलाचा एकच प्रमाणात उपयोग बारा महिने करणे चुकीचे आहे. हवेतील आर्द्रता साधारण ६० टक्क्यांवर गेली की लोखंड झपाट्याने गंजू लागते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ही स्थिती वारंवार असते. या काळात बाहेरचा लेप जरा दाट हवा आणि पाहणी दर आठवड्याला हवी. उन्हाळ्यात उलट. एप्रिल-मे महिन्यांत गोदाकाठची आणि मांजरेकाठची धूळ प्रत्येक फटीत शिरते. यंत्रात जास्त तेल असेल तर ती धूळ तेलात कालवली जाऊन घासणारा लेप तयार होतो. म्हणून उन्हाळ्यात तेल थोडे, बोटाला लागेल न लागेल इतके. अतिथंड प्रदेशात आणखी वेगळे. १९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोच्या वेशीवर जर्मन सैन्याच्या शस्त्रांतील तेल घट्ट होऊन ती अडकली होती. आपल्या भागातून सैन्यात गेलेला जवान हिमालयात असेल तर नांदेडचा नियम तेथे चालणार नाही.

आणखी दोन गोष्टी. हाताच्या घामात मीठ असते, म्हणून हाताळल्यावर धातू पुसल्याशिवाय ठेवू नये. चामड्याच्या म्यानात किंवा खोळीत बंदूक फार दिवस ठेवू नये. चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेली द्रव्येही त्यात असतात.

छात्रसेनेतील पद्धत

आपल्या पथकात पॉइंट टू-टू रायफलीवर जी पद्धत शिकवतात ती वरील तत्त्वांचा उत्तम नमुना आहे. आरंभी रायफल रिकामी आहे याची खात्री करणे. ही खात्री डोळ्यांनी आणि बोटाने, दोन्हींनी करावयाची. सफाई करताना जवळपास काडतूस असता कामा नये. मग बोल्ट काढून पुलथ्रूचे वजन चेंबरच्या बाजूने आत सोडतात आणि तोंडाच्या बाजूने दोरी एका दमात सरळ ओढतात. उलट बाजूने किंवा तिरकी ओढली तर दोरी नळीच्या तोंडाशी घासते. तेथील कडा झिजली की नेम बिघडतो. कोरड्या सफाईसाठी चिंधी चार इंच लांब आणि दोन इंच रुंद, तर तेलासाठी चार इंच लांब आणि दीड इंच रुंद घेतात. तेलाची चिंधी अरुंद का, याचे कारण असे की ती सैल जावी आणि तेल पिळून न निघता नळीला लागावे.

चांदमारीच्या आधी नळी पूर्ण कोरडी करावयाची असते. नळीत तेल राहिले तर दाब वाढतो आणि पहिली गोळी भलतीकडे जाते. चिंधीचा तुकडा अडकून राहिला तर नळी फुगते. म्हणून शेवटी नळीतून उजेडाकडे पाहावयाचे, अर्थात बोल्ट काढलेला असतानाच. चांदमारीनंतर सफाई, तेल, आणि पुढील काही दिवस पुन्हा पाहणी. सगळे झाल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण शिशाची धूळ पोटात जाणे घातक असते.

जुन्या शस्त्रांचे जतन

ऐतिहासिक शस्त्रांचा प्रश्न वेगळा आहे. तेथे शस्त्र चालवायचे नसते, टिकवायचे असते. हजूर साहिब येथे रोज रात्री आरतीनंतर भाविकांना शस्त्रांचे दर्शन घडवतात. त्यांत तोड्याची बंदूक, धनुष्यबाण, ढाल आणि तलवारी आहेत. दिवाळीच्या सुमारास तख्तस्नानाचा सोहळा होतो. गोदावरीचे पाणी घागरींनी आणून तख्ताची स्वच्छता केली जाते आणि शस्त्रांचीही सफाई होते. गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडला निवर्तले. तीनशेहून अधिक वर्षे झाली तरी ही शस्त्रे टिकून आहेत. केवळ पेटीत कुलूपबंद ठेवून हे साधले नसते. नेमाने वर्षाला हात फिरतो, पुसले जाते, पाहिले जाते, म्हणून ती टिकली. पाणी हा लोखंडाचा शत्रू नव्हे, अंगावर राहिलेले पाणी हा शत्रू आहे, हे काळ्या दारूच्या प्रकरणात पाहिलेले तत्त्व येथे श्रद्धेच्या रूपाने पाळले गेले आहे.

वस्तुसंग्रहालयांत मात्र तेलाऐवजी मेणाचा लेप पसंत करतात, कारण तेलावर धूळ बसते. ब्रिटिश म्युझियममध्ये १९५० च्या दशकात यासाठी सूक्ष्मस्फटिकी मेणाचे मिश्रण तयार करण्यात आले. जुने शस्त्र चकचकीत करण्याचा मोह आवरला पाहिजे. त्यावरील काळसर, स्थिर थर हा त्याच्या वयाचा पुरावा असतो आणि तो पुढील गंजही रोखतो. तांबडा, भुसभुशीत, बोटाला लागणारा गंज तेवढा काढावा. औशाच्या तोफांवर ज्या सहली चढतात आणि नावे कोरतात, त्यांत आपल्याच महाविद्यालयांतील मुले असतात. कोरलेल्या प्रत्येक अक्षरात पावसाचे पाणी साचते, एवढे जरी त्यांनी ध्यानात घेतले तरी पुष्कळ झाले.

समारोप

सारांश असा. आधी घाण ओळखावी, मग साधन निवडावे. क्षाराला पाणी, काजळीला द्राव, लाकडाला जवस, यंत्राला हलके खनिज तेल, दीर्घ साठवणीला दाट लेप, जुन्या शस्त्राला मेण. तेल घाणीवर घालू नये. थोडे तेल पुरते, जास्त तेल धूळ गोळा करते. आणि प्रत्येक वेळी शस्त्र रिकामे असल्याची खात्री आधी, बाकी सर्व नंतर.

शेवटी एक सूचना करावीशी वाटते. शस्त्राचा परवाना देताना आणि त्याचे नूतनीकरण करताना शेतकऱ्याकडून अनेक कागद घेतले जातात. त्याला एक कागद द्यावाही. त्यावर सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरांत, चित्रांसह, नळी आतून कशी धुवावी आणि गज अडला तर काय करावे एवढे छापलेले असावे. ज्याला वाचता येत नाही त्याला घरातले शिकणारे मूल वाचून दाखवील. आमच्यासारख्या घरांतून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या मुलांनी गावात जाऊन करावे असे हे काम आहे. पुढील वर्षी आपल्या छात्रसेना पथकाने आणि राष्ट्रीय सेवा योजनेने मिळून असा कागद तयार करावा आणि तो तपासून देण्याची विनंती रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना करावी. छपाईचा खर्च फार येणार नाही.